अकरा पोरं, दहा बोटं

मुलीचा फोन आला तेव्हा मी आमच्या सिंगापूरच्या, जुरोंग ईस्टमधल्या फ्लॅटमध्ये टेबलफॅन खोलून बसलो होतो. फॅन चांगला चालत होता. पण त्याचा आवाज दोन दिवस मला पटत नव्हता, आणि जे मला पटत नाही ते मी खोलतो. जहाजाच्या इंजिनरूममध्ये जन्म काढलेल्या माणसाला दुसरं काय येणार? काट्यावर कितीही छान आकडा दिसू दे, पाइपला हात लावून बघितल्याशिवाय माझं समाधान होत नाही. बायको म्हणते, हा गुण जहाजावरचा नाही, तुझ्या पाड्यावरचा आहे. तिचं खरं आहे, पण मी ते तिच्यासमोर कधी कबूल केलेलं नाही.

"बाबा, रक्ताचा रिपोर्ट आला," मुलगी म्हणाली. "मी सिकलसेलची वाहक आहे म्हणतायत."

"शक्य नाही," मी म्हणालो.

"शक्य नाही काय? लिहिलंय समोर."

"मग लिहिणारा चुकलाय."

तिला तेव्हा तिसरा महिना संपत आला होता. पहिलंच बाळ. ती आणि जावई आंग मो किओला राहतात, जावई तिथल्याच एका कंपनीत इलेक्ट्रॉनिक्सचं काम करतो. इथे गरोदर बाईच्या रक्ताच्या सगळ्या तपासण्या करतातच, त्यात हे निघालं. वाहक म्हणजे ज्याच्या रक्तात हा दोष अर्धाच आहे. त्याला स्वतःला काही होत नाही, तो माझ्यासारखा बॉयलरशेजारी उभा राहून तीस वर्षं काढू शकतो. पण नवरा-बायको दोघंही वाहक असले की बाळाला पूर्ण आजार होण्याची शक्यता चारात एक. मग रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकड्या होतात, नसांत अडकतात, आणि ते मूल हाडांच्या दुखण्याने रडत मोठं होतं, झालंच तर.

आणि आमचा जावई वाहक आहे. हे काही लपलेलं नव्हतं. तो मूळचा नागपूरकडचा. त्यांच्या भागात हा आजार बऱ्याच घरांत आहे आणि लोक त्याबद्दल उघड बोलतात. लग्न ठरायच्या आधी त्याच्या आईने मला फोन करून सांगितलं होतं, "भाऊ, आमच्या पोराला अर्धा आहे. तुम्ही आदिवासी भागातले, तुमच्याकडे पण असतं ते. मुलीचं तपासून घेता का?" बाई सरळ होती. मला मात्र ते 'तुमच्याकडे पण असतं' झोंबलं. मी तडक कपाटातून माझा कागद काढला, त्याचा फोटो त्यांना पाठवला आणि म्हणालो, "आमच्याकडे साफ आहे. सरकारी शिक्का आहे बघा. आणि मुलीची आई ठाण्याची, त्यांच्या घरात हे नाहीच." झालं. मुलीला तपासायची गरज कुणालाच वाटली नाही. लग्न त्या कागदावर झालं म्हटलं तरी चालेल.

तो कागद म्हणजे तळहाताएवढी चिठ्ठी. माझं नाव, बापाचं नाव, पाड्याचं नाव, पुढे 'सिकल तपासणी' आणि त्याच्यापुढे निळ्या शाईत 'सामान्य'. खाली गोल शिक्का. मी पंधरा वर्षांचा असताना केंद्र सरकारच्या सर्वेक्षणात ती मिळाली होती. मी आश्रमशाळेत शिकत होतो, सुट्टीत घरी आलो तर आईने ती पत्र्याच्या पेटीतून काढून दिली. शाळेतही एकदा आमचं सगळ्यांचं रक्त घेऊन गेले होते, तर ही त्याचीच पावती असणार असं मी धरून चाललो. तेव्हापासून ती माझ्याबरोबर आहे. ट्रेनिंगला गेलो, पहिलं जहाज धरलं, मुंबई सोडली, सिंगापूरला आलो, इथे पीआर, म्हणजे कायमचा रहिवासी, झालो, चिठ्ठी पासपोर्टच्या पाकिटात होतीच.

आता यातली गंमत बघा. आमच्या पाड्यावर सरकारवर कुणाचा काडीचा विश्वास नव्हता. सातपुड्याच्या कुशीतला चाळीस घरांचा पाडा, सरकार म्हणजे आमच्याकडे जीप. राज्याची कुठली आणि दिल्लीची कुठली हे आम्हाला कळायचं नाही, धूळ सारखीच उडायची. जीप दिसली की पोरं रानात आणि पुरुष नाल्यापलीकडे. एकदा एक टोळी आली होती, आमची डोकी मोजली, छात्या मोजल्या, दंडातून रक्त काढलं, उभं करून फोटो घेतले. औषध घेऊन येतो म्हणाले. ते अजून यायचेत. आमची आई म्हणायची, "यांना आपलं रक्त पाहिजे, आपण नको." नसबंदीची भीती होतीच. आणि एका मुलीला तपासून काहीतरी लिहून दिलं, तर तिचं ठरलेलं लग्न मोडलं, हे तर आम्ही डोळ्यांनी पाहिलं होतं.

त्या आईचा मी मुलगा. सिंगापूरमध्ये इतकी वर्षं राहूनही फोनवर आरोग्याचं सरकारी ॲप टाकायला मी तयार नव्हतो. मुलगी इथल्या लोकांसारखं 'लाह' लावून चिडवायची, "बाबा, इथे तर टॉयलेटमध्येसुद्धा स्वच्छता आवडली का विचारायला बटण असतं. इथल्या सरकारवर काय संशय घेतोस? चिल लाह!" मी म्हणायचो, बटण आहे म्हणूनच संशय येतो. असा मी. आणि आयुष्यात एका सरकारी कागदावर डोळे झाकून विश्वास ठेवला, तो हा.

तर मुलीचा रिपोर्ट मी मानलाच नाही. नमुने बदलले असतील म्हणालो. लॅबवाल्यांना फोन करून त्यांचं यंत्र शेवटचं कधी तपासलं ते विचारलं. पलीकडची मुलगी फार अदबीने बोलली, त्याने तर माझा संशय वाढलाच. मुलीला दुसरीकडे रक्त द्यायला लावलं. दुसरा रिपोर्टही तोच आला. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सांगितलं, की बाळाला काय आहे ते कळायला गर्भाभोवतीचं पाणी काढून तपासावं लागेल, त्यासाठी थोडे आठवडे थांबावं लागेल. तोवर आईवडिलांपैकी कुणाकडून हे आलं ते कळलं तर बरं, नातेवाइकांनाही सावध करता येतं.

बायको दुसऱ्याच दिवशी ऑफिसला जाता जाता रक्त देऊन आली. ती इथे बँकेत आहे, कामं उरकून टाकायची सवय. तिचा रिपोर्ट आला. तिला काही नव्हतं.

"आता तू देऊन ये," ती म्हणाली.

"माझ्याकडे कागद आहे."

"अरे, तो कागद किती वर्षांचा? रक्त द्यायला पाच मिनिटं लागतात. क्लिनिक खाली ब्लॉकमध्ये आहे."

"रक्त काही बदलत नाही. एकदा सामान्य ते सामान्य."

हे बोललो, आणि बोलता बोलताच माझ्या मनात पाल चुकचुकली. तिला नाही. मला नाही. मग मुलीला कुठून?

लिहितानाही हात थांबतो. पण लिहिणार आहे, कारण मी केलं ते केलं. दोन काटे बरोबर आहेत आणि तिसरा जुळत नाही, तर गळती कुठेतरी मधेच आहे, असा हिशेब माझं डोकं करायला लागलं. मी जहाजावरचा माणूस. सहा-सहा, नऊ-नऊ महिने मी घरी नसायचो. लग्नानंतरची पहिली काही वर्षं बायको ठाण्याला एकटी राहत होती. अठ्ठावीस वर्षांत हा विचार मला एकदाही शिवला नव्हता, आणि आता तो डोक्यात असा शिरला की जेवताना तिच्याकडे मान वर करून बघवेना. तिचं हसणं खटकायला लागलं. फोनवर कुणाशी बोलते याच्याकडे कान जायला लागले. ती पन्नाशीची बाई, भाजीच्या भावाबद्दल बहिणीशी बोलत होती हो! लाज वाटायला हवी होती. वाटतही होती, पण किडा जागचा हलेना.

शनिवारी ती लिटिल इंडियाला सामान आणायला गेली. ती बसमध्ये चढली असेल-नसेल, मी कपाटाच्या वरच्या खणातून माझी जुनी सीडीसी काढली. सीडीसी म्हणजे खलाशाचं पुस्तक. कुठल्या जहाजावर कोणत्या तारखेला चढलो, कोणत्या तारखेला उतरलो, प्रत्येक नोंदीवर कॅप्टनची सही आणि शिक्का. मुलीच्या जन्माच्या आधीचं पान काढलं. कांडला बंदरात उतरलो ती तारीख होती. तिथून मी बोटांवर महिने मोजले. उतरल्यापासून मुलीच्या जन्मापर्यंत आठ महिने आणि चार दिवस.

मुलगी तीन आठवडे आधी झाली होती. मला चांगलं आठवतं, डॉक्टर म्हणाले होते, थोडी घाई केली पोरीने, पण तब्येत छान आहे. मी पेढे वाटले होते. आता तेच तीन आठवडे माझ्यासमोर उभे राहिले. खरंच आधी झाली होती, की मला तसं सांगितलं गेलं? वजन किती होतं? कोणत्या डॉक्टरने सांगितलं? मी तिथे होतो का? होतो की! दवाखान्याच्या बाकावर रात्रभर मीच तर बसलो होतो. तरी मी तारखा पुन्हा मोजल्या. तिसऱ्यांदाही मोजल्या.

दार कधी उघडलं मला कळलंच नाही. बायको पिशव्या घेऊन समोर उभी होती. सुट्टीची गर्दी बघून ती अर्ध्या वाटेतून परतली होती, सामान खालच्या दुकानातूनच घेऊन आली. तिने टेबलावरचं पुस्तक बघितलं. उघडलेलं पान बघितलं. भिंतीवर मुलीचा फोटो आहे, त्याच्याकडे बघितलं नाही, पण मला वाटलं ती बघेल.

"काय मोजतोयस?"

"काही नाही. जुनी जहाजं आठवत होतो."

तिने पिशव्या ओट्यावर ठेवल्या. कढीपत्ता काढून पाण्यात टाकला, दूध फ्रिजमध्ये ठेवलं, सगळं अगदी नेहमीसारखं. मग हात पुसून आली आणि पुस्तक मिटून स्वतःच्या हातात घेतलं.

"तुझ्या बहिणीला फोन लाव," ती म्हणाली. "आत्ता. माझ्यासमोर. स्पीकरवर."

"तिचं काय इथे?"

"तो कागद तुला तिथे मिळाला ना? मग तो कसा मिळाला ते विचार. तुला सगळ्या जगाचा संशय येतो, तेवढा एका त्या कागदाचा का येत नाही, ते मलाही ऐकू दे."

माझी मोठी बहीण माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. आम्ही तिला बाईच म्हणतो. ती पाड्यावरच दिलेली, नाल्यापलीकडच्या घरात. घरात रेंज नसते. टेकडीवर शेळ्या घेऊन गेली की फोन लागतो. नशिबाने लागला. आमचं बोलणं आमच्या बोलीत होतं, इथे ते साध्या मराठीत देतो. बायकोला आमची बोली आता सगळी समजते.

मी मुलीचं सांगितलं, बाळाचं सांगितलं. मग विचारलं, "बाई, माझी ती चिठ्ठी आठवते? सिकलची? शाळेत रक्त घेतलं त्याचीच ना ती?"

"शाळेची कुठली? ती पाड्यावर आलेल्या जीपची."

"पण मी तर तेव्हा पाड्यावर नव्हतो."

"कोणीच नव्हतं," ती हसली. "जीप बघून सगळी पोरं रानात पळाली. तो रक्तवाला मोहाच्या झाडाखाली यादी घेऊन बसला होता. सकाळपासून बसला होता बिचारा. आपल्या आळीतली अकरा नावं राहिली होती. म्हणाला, यादी भरल्याशिवाय मला जाता येत नाही, साहेब दिल्लीहून आलाय, गाडी पुन्हा येणार नाही. आई तुमच्यातल्या कुणाला टोचू देणार नव्हती. मग मी म्हटलं, माझं घे."

"तुझं घे म्हणजे?"

"मला सुईची कधी भीती वाटली नाही. तो नाव वाचायचा, मी बोट पुढे करायचे. तू, आपला धाकटा, काकाची पोरं, शेजारची. अकरा पोरं होती आणि बोटं दहा. तुझं नाव शेवटी आलं. तुझ्यासाठी अंगठ्याला पुन्हा टोचलं त्याने."

टेकडीवर वारा होता, फोनमध्ये खरखर येत होती. मी बायकोकडे बघितलं नाही.

"बाई, त्याला कळलं नाही एकच बाई अकरा वेळा रक्त देते ते?"

"कळलं की! त्याच्यासमोरच तर बसले होते. त्यालाही घरी जायचं होतं. वर मला म्हणाला, ताई, तुम्ही वाचवलंत."

"आणि तू मला कधी सांगितलं नाहीस?"

"सांगायचं काय त्यात? रक्त ते रक्त. एका आईची पोरं आपण. मला काय माहीत, बोटाबोटात फरक असतो म्हणून?"

मला हसू आलं की रडू, सांगता येणार नाही. ज्या कागदाला मी आयुष्यभर सरकारचा म्हणून छातीशी धरलं, तो आमच्याच संशयाने केलेला होता. दिल्लीच्या साहेबाला आकडा मिळाला, रक्तवाल्याला सुट्टी मिळाली, आईला पोरं सुखरूप मिळाली. सगळे खूश. आणि मी त्या अंगठ्याच्या जोरावर नागपूरच्या बाईला 'आमच्याकडे साफ आहे' म्हणून ऐकवलं होतं.

फोन ठेवायला गेलो तर बाईच म्हणाली, "थांब जरा. हे दुखणं कसलं असतं? हाडं दुखतात का त्यात?"

"हो."

"डोळे पिवळे होतात?"

"बाई, कोणाचे?"

तिची नात. सहा वर्षांची. थंडी पडली की तिच्या हातापायांत कळा यायच्या, दोन-दोन दिवस विव्हळायची. कुणी संधिवात म्हणालं, कुणी मलेरिया, भगताने आणखी काही सांगितलं. आरोग्य केंद्रात नेलं तर तिथल्या नर्सने जुनी यादी बघितली आणि म्हणाली, तुमच्या पाड्यात सिकल नाहीच, सगळे सामान्य आहेत. आता दिल्लीहून पुन्हा मोठी मोहीम निघाली आहे, नर्स मोबाइल घेऊन गावोगाव फिरते, रंगीत कार्डं देते. पण ज्या पाड्यांत आजार सापडला तिथे आधी, आमच्यासारखे साफ पाडे मागून. आणि औषधही तिथेच येतं जिथे यादीत रुग्ण असतो. मला एक एक गोष्ट दिसायला लागली. बाईचं स्वतःचं रक्त साफ, तेव्हा नातीच्या बापाकडचं ते बाईच्या नवऱ्याकडून आलं असणार; आणि त्या नातीचा आईकडचा आजोबा तर त्या अकरांतलाच. त्याच्याकडेही तशीच चिठ्ठी असणार, आणि सोयरिकीच्या वेळी कुणी विचारलं असेल तर त्यानेही ती माझ्यासारखीच मिरवली असणार. सरकार आमच्याकडे का येत नाही म्हणून मी किती वर्षं शिव्या घातल्या होत्या! आम्हीच तर त्यांना लिहून दिलं होतं, इथे कोणी आजारी नाही. आणि त्यांनी ते आनंदाने लिहून घेतलं होतं.

"बाई," मी म्हणालो, "नर्सला आजच बोलाव. पोरीचं रक्त दे. पोरीचंच."

"ते टोचून रक्त नेतील, लिहून ठेवतील आणि पुढे पोरीचं लग्न मोडेल," बाई लगेच म्हणाली. आईचाच आवाज. मी स्वतः खालच्या क्लिनिकमध्ये जायला तयार नव्हतो.

तेव्हा बायको पहिल्यांदा बोलली. फोनच्या जवळ आली आणि आमच्या बोलीत, मोडक्यातोडक्या, म्हणाली, "बाई, सोमवारी हा इथे बोट देणार. मी याला धरून नेणार. मग तुम्ही पोरीचं द्या."

सोमवारी मी गेलो. नर्सने नाव विचारलं, आयसी, म्हणजे ओळखपत्राचा, नंबर विचारला, नळीवरची चिठ्ठी मला वाचायला लावली, पुन्हा नाव विचारलं. एरवी मी चिडलो असतो, त्या दिवशी मी तिसऱ्यांदाही नाव सांगायला तयार होतो. बायको बाहेर खुर्चीवर बसली होती. बाहेर आलो तेव्हा म्हणाली, "दुखलं का?" मी नाही म्हणालो. ती म्हणाली, "बरं," आणि तिची एमआरटी, म्हणजे मेट्रो, पकडायला निघून गेली.

रिपोर्ट आला. मी वाहक. मुलीला ते माझ्याकडूनच आलेलं. मी आधी नागपूरला फोन केला. जावयाच्या आईला सगळं सांगितलं, अंगठ्यासकट. वाटलं होतं विहीणबाई सुनावतील. त्या म्हणाल्या, "भाऊ, आमच्या घरात एक मूल गेलंय याने. म्हणून विचारलं होतं मी. दुसरं काही नव्हतं मनात." तिथे मी मेल्याहून मेल्यासारखा झालो.

मग मुलीचं पाणी काढून तपासायला पाठवलं आणि थांबणं सुरू झालं. त्या दिवसांत मुलगी चिल वगैरे काही म्हणत नव्हती. संध्याकाळी आमच्याकडे येऊन सोफ्यावर आडवी पडायची, आईच्या मांडीवर डोकं ठेवून. एकदा मला म्हणाली, "बाबा, बाळाला असलं तर मी काय करू?" मी उठून आतल्या खोलीत गेलो आणि काही न करता उभा राहिलो.

मधे एका सकाळी बाईचा व्हिडिओ कॉल आला. नर्स टेकडीखालच्या अंगणवाडीत आली होती, तिथे आता रेंज आली आहे. बाईला आम्ही समोर हवे होतो. पडद्यावर नर्सचा मोबाइल धरलेला हात, बाईचा चेहरा, आणि तिच्या पदराला धरून ती पोर, डोळे खरंच पिवळसर. नर्सने पोरीचं नाव वाचलं. आणि बाईने सवयीने स्वतःचं बोट पुढे केलं.

मी ओरडणार होतो. पण तिच्याच लक्षात आलं. तिने बोट मागे घेतलं, क्षणभर त्याच्याकडे बघितलं, आणि मग पोरीचा हात धरून पुढे केला. पोर किंचाळली. बाई रडत होती. माझ्या बहिणीला मी आईच्या मातीलासुद्धा रडताना बघितलं नव्हतं. पोरीला पूर्ण आजार निघाला. आता तिचं नाव यादीत आहे, आणि औषध महिन्याला येतं असं बाई म्हणते. मी दर महिन्याला विचारतो, खरंच आलं का, गोळ्या हातात घेऊन दाखव. तेवढा संशय मी राखून ठेवला आहे.

आमचा निकाल एका गुरुवारी दुपारी आला. मुलीने फोन केला तेव्हा आम्ही दोघं घरी होतो. तिने नुसतं बाबा म्हटलं आणि फोन जावयाकडे दिला. "बाबा, अर्धा आहे. फक्त वाहक. बाळ ठीक आहे." बायको तोंडावर हात घेऊन रडली. मी पण रडलो. त्या वेळी मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने तो झटकला नाही, पण धरलाही नाही.

थोड्या वेळाने ती उठली, तोंड धुऊन आली आणि तिच्या कपाटातून माझी सीडीसी घेऊन आली. त्या शनिवारपासून ती तिच्याकडेच होती, आणि मागायची माझी हिंमत झाली नव्हती. तिने ती टेबलावर ठेवली, मिटलेलीच. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तिने हात वर करून थांबवलं.

"यात किती बंदरं आहेत रे?" तिने विचारलं.

"मोजली नाहीत."

"मी पण नाही," ती म्हणाली. "तू महिनोन्महिने त्या बंदरांत असायचास, आणि घरी आलास की हे पुस्तक अठ्ठावीस वर्षं माझ्याच घरात असायचं. मी ते एकदाही उघडलं नाही."

मग ती मुलीकडे आंग मो किओला जायला निघाली, आणि मला चल म्हणाली नाही. मी पुस्तक उचलून कपाटात ठेवायला गेलो, पण कुठल्या खणात ठेवावं ते मला कळेना.